मुगाने केलेली चुगली

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! आज दुपारी कॉलेजात वाघमारे मॅडमच्या टेबलाचा खण आवरायला मदत करताना मला एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी सापडली, कुंडीत खोचतात ना तसली. ती बघून मी आधी खो-खो हसले आणि मग तिथेच फरशीवर बसले...

मॅडम गेल्या त्याला सहा आठवडे झाले. आमच्या लॅबच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी दात घासत होते. त्याच ग्रुपवर आदल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘फ्रीजमध्ये कुणाचा तरी डबा आहे. आता त्याच्यावर पीएचडी होऊ शकेल.’ अशा होत्या मॅडम. खडकीत वाढलेल्या, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि बऱ्याच वर्षांपूर्वी एमएस्सीला माझ्या गाईड होत्या. माझा विषय होता, खारट पाण्यात झाड तग कसं धरतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काकडीला मीठ लावलं की काय होतं?”

“पाणी सुटतं.”

“मुळांभोवती मीठ वाढलं की झाडावरही तीच वेळ येते. समोर पाणी असून पिता येत नाही. मग ते काय करतं?”

“मरतं?”

“तुझ्यासारखं घाईचं असेल तर मरतं!”

शहाणं झाड म्हणे पेशींमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल बनवून साठवतं, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. आणि संकट टळलं की तेच प्रोलीन मोडून त्यातून ताकद घेतं आणि पुन्हा वाढायला लागतं. हे सांगताना मॅडमचा चेहरा असा फुलायचा, जणू घरचीच मुलगी बोर्डात आलीये.

आता माझा प्रताप ऐका. निम्म्या कुंड्यांतल्या मुगाला मिठाचं पाणी, निम्म्यांना साधं. या साध्या कुंड्या म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी. मग पानं वाटून, रसायन घालून उकळायची. प्रोलीन जितकं जास्त, तितका रंग लाल. मिठाचा मूग लाल आणि साधा मूग फिका आला पाहिजे, इतकं सोपं! पण मध्ये आले गणपती, आणि मी ढोलपथकात. पाच दिवस लॅबकडे फिरकलेच नाही. सहाव्या दिवशी गेले तर सगळे मूग माना टाकून बसलेले. घाईघाईत पानं तोडली, मग बदाबदा पाणी घातलं, टेस्ट लावली... सगळ्या नळ्या लालभडक! कंट्रोलसुद्धा!

मॅडमनी नळी खिडकीसमोर धरली. “साध्या कुंड्यांना मीठ घातलंस?”

“नाही मॅडम.”

“पाणी?”

“रोज.”

“रोज?”

“हो... रोज.”

“मग हा मूग कशाने एवढा घाबरलाय, जरा विचार त्याला,” म्हणाल्या आणि लेक्चरला निघून गेल्या. झाड तहानलं तरीही प्रोलीन साठवतं, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नसेल असं वाटण्याइतकी मी... जाऊ दे. प्रबंध द्यायला जेमतेम महिना उरलेला. संध्याकाळी मी एक्सेलमध्ये कंट्रोलचे आकडे कमी करून बघितले. खरं सांगते, ग्राफ फार सुंदर दिसत होता! पण सकाळी मॅडमसमोर उभी राहिले आणि सेव्ह केलेली फाईल दाखवायला हातच पुढे होईना.

“मॅडम, पाच दिवस पाणी नाही घातलं. ते ढोल...”

“माहितीये. हाताला हे फोड काय पिपेट धरून आलेत?” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आमचे बाबा सांगायचे, कारखान्यात चूक झाली तर ओरडून सांगायची. दडवलेली चूक हातात फुटते. आता नवे मूग भिजत घाल. आणि हे लाल आकडेही प्रबंधात जातील, कारणासकट.”

मी रडवेली. “सगळं पुन्हा?”

“नाही, ढोल पुन्हा नको. तो वाजलाय बऱ्यापैकी.”

पुढचे तीन आठवडे मी कुंड्यांशी लग्न लागल्यासारखी राहिले. तरी मॅडम रविवारीही खडकीहून यायच्या. “मूग माझ्या भरवशावर आहेत, तुझ्या नाही,” म्हणायच्या. तेव्हा त्यांची औषधं सुरू होती, हे आम्हाला फार नंतर कळलं... प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर नेमक्या त्याच पानावर थांबले. “पाणी घालायचं राहिलं, असं लिहून देणारी तू पहिलीच!” मी मॅडमकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या, पण हसू काही दडेना.

तर ती पट्टी. माझ्या अक्षरात ‘कंट्रोल ३’. त्यातल्या ‘कंट्रोल’वर लाल पेनाने काट मारून खाली मॅडमच्या अक्षरात, ‘ढोल’. इतकी वर्षं खणात, त्यांच्या चष्म्याच्या घरात जपलेली! घरी येऊन मी मूग भिजत घातलेत. मोड आले की कुंडीत लावणार आणि ही पट्टी त्यात खोचणार. पाणी मात्र रोज. खरंच रोज.

तुमचंही असं खोटं कुणी पकडलं होतं का हो? आणि वर त्याची आठवण एवढ्या मायेने जपून ठेवली होती का?