भिंतीवरचा बैल
ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं फिरतं. दहावीच्या सुट्टीत मारुंजीत आम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या भिंतीवर मी आमचा बैल काढला होता, जमीन गेल्यावर विकलेला. भर उन्हात, शिडीवर उभं राहून. नवा भाडेकरू फोटो काढत म्हणाला, "किसने बनाया?" वडील छाती फुगवून म्हणाले, "हमारे पोराने!" आणि ब्रशही न धरलेला माझा भाऊ तिथंच दात काढत उभा! मी तणतणत आईकडं गेले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पोरगी शिडीवर चढती हे लोकांना कशाला सांगायचं? नाव घरातच ऱ्हायलं न्हवं?" घरातच? मग मी कुणाच्या घरातली? आता भिंत कुणाचीही असो, आधी माझी सही होते, मग चित्र.