विक्रीला ठेवलेली पाठ

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकात एका उन्हाळी सकाळी माझ्या आईची पाठ लिलावात निघता निघता वाचली.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे आणि सुटीच्या दिवशी चित्रं काढायचे. त्यातलं सगळ्यात देखणं म्हणजे सिगडीपुढे बसलेली आई. पाठमोरी, कारण "बाजारात माहं तोंड टांगू नका" ही तिची अट. चित्राखाली बाबांचं नाव घालायलाही तिनं मनाई केली होती; नाव वाचून लोक पाठ ओळखतील ना! बाबांनी सगळं ऐकलं, पण तिच्या ब्लाउजवरचं ठिगळ मात्र इमानदारीनं रंगवलं. त्यावरून घरात चांगलाच अबोला झाला.

चित्र पावर हाउस बाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडे विक्रीला ठेवलं होतं. विकलं तर त्याला कमिशन, नाहीतर चित्र परत. सगळा व्यवहार तोंडी.

त्या सकाळी शेजारचे काका धावत आले. फ्रेमवाला कर्ज बुडवून पळाला होता आणि कोर्टाचा अमीन, म्हणजे बेलीफ, दुकानातला माल जप्त करत होता. बाबा चप्पल शोधत घराबाहेर जात आणि तसेच आत येत. आई तव्यावरची पोळी उतरवून घरचा ब्लाउज न बदलताच निघाली. ऑटोत बाबांचा पाय एकसारखा हलत होता.

"जरा दमानं घ्या न!"

"कसं घेऊ? लिलाव करून टाकीन तो!"

दुकानात अमीन हात झटकून म्हणाला, "दुकान में जो है, सब दुकानदार का."

"नुसतं ठेवलं हाये जी, त्याले विकलं नाही!" बाबा हिंदीच विसरले. "विकल्या जात नाही तोवर माहंच हाये!"

"सबूत? इस पर तो नाम भी नहीं."

बाबा एकदा चित्राकडे जात, एकदा दाराकडे; त्यांना कुठं उभं राहावं कळेना.

तेवढ्यात आई पुढे झाली, चित्राशेजारी पाठ करून उभी राहिली आणि पदर बाजूला केला. तोच अंबाडा. डाव्या खांद्यावर, मरून ब्लाउजला, तेच हिरवं ठिगळ.

अमीननं चित्र पाहिलं, आईला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. मग ते उचलून बाबांच्या हातात दिलं. काम झालं होतं, गुपचूप निघायचं होतं. पण आई भर बाजारात, भर गर्दीत गर्रकन वळली आणि अमीनवर कडाडली:

"पाठ माही, ठिगळ माहं! त्या मेल्याच्या कर्जात मले कावून धरून राहिले तुम्ही?"