टचिंगकाकांनी वाट पाहिली

माझं फ्रेमचं दुकान आणि टचिंगकाकांची खोली यांच्यामध्ये एक पातळ फळीची भिंत होती. फाटलेले, बुरशी चढलेले, पाण्यात भिजलेले जुने फोटो त्यांच्याकडे यायचे. काका ते कॉम्प्युटरवर टचिंग करून दुरुस्त करायचे आणि फ्रेम माझ्याकडे व्हायची. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते वाचतो कोण? टचिंगकाका म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर यायचा.

माणूस कामाला चोख. एका बाईनं आणलेल्या फोटोत तिच्या आईचा खालचा अर्धा चेहराच नव्हता. काकांनी तिच्या मावशीला बोलावून घेतलं, खुर्चीत बसवलं आणि दुपारभर मावशीची हनुवटी बघत आईची काढली. फोटो हातात आल्यावर ती बाई नुसती माझं काउंटर धरून उभी राहिली.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा. फोटो सेव्ह होईस्तोवर काका माझ्याकडे येऊन चहा पिऊन जायचे. कॉम्प्युटरला जोडलेल्या चित्र काढायच्या पाटीवर पेनानं रेघ ओढली, की पडद्यावर ती मागून दमादमानं यायची. तीनेक वर्षांपूर्वी त्या रेघा वाकड्या यायला लागल्या. ओठाच्या कडेला करवतीसारखे दाते.

"मशीन संपलं हो," ते म्हणाले. "हात सांगतो एक, हे काढतं भलतंच."

काकूंचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. सरळ माणूस, घरच्यांच्या गळ्यात काही मारणार नाही. तो म्हणाला, "भाऊजी, आत्ता घेऊ नका. चार महिन्यांत नवा प्रोसेसर येतोय. आज घ्याल आणि मग हळहळाल."

चार महिन्यांनी तो प्रोसेसर आला, तर हा म्हणाला, "पहिल्या खेपेचा माल घ्यायचा नसतो भाऊजी, तापतोय म्हणतात. सुधारून येऊ दे." सुधारून आला, तेव्हा त्याच्या पुढच्याची बातमी सोबतच आली. तो म्हणे दुप्पट वेगाचा, आणि आता घेतलेल्या मशीनमध्ये बसणारच नाही.

खरं सांगायचं तर काकांना त्यात गोडी लागली होती. प्रोसेसरांवरचे लेख कापून ठेवायचे, कुठला किती वेगाचा ते मला समजावायचे. मला ओ की ठो कळायचं नाही.

"काका, थांबला तो संपला म्हणतात," मी एकदा चिडवलं.

"आणि घाई केली तो फसला, असंही म्हणतात," ते हसून म्हणाले. "नवं येऊ द्या, मग बघा माझा हात."

मधल्या काळात एका डोळ्याला दोन-दोन दिवस लागायला लागले. काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. भिंतीपलीकडून "अरे बाबा, अरे बाबा" असं ऐकू यायचं, ते मशीनला उद्देशून. लोकांनाही धीर नव्हता. मोबाइलमध्ये एक बटण दाबलं की फोटो गुळगुळीत होतो, असं कळल्यावर निम्मे लोक इकडे वळलेच नाहीत.

शेवटी निर्णय काकांनी नाही, मशीननंच घेतला. एका सकाळी ते सुरूच झालं नाही. मेहुण्यानं दुकानात होतं ते नवं आणून जोडून दिलं. काकू आल्या होत्या, मीही हातातली फ्रेमची पट्टी ठेवून गेलो. एका निवृत्त मास्तरीणबाईंचा फोटो उघडला. क्षणात उघडला. काका खूश होऊन आमच्याकडे बघायला लागले, मग त्यांनी भुवई काढायला घेतली.

रेघ पेनाबरोबरच उमटली, जराही मागे न राहता. आणि ती दातेरी होती.

त्यांनी पुसून पुन्हा काढली. पुन्हा तशीच. मेहुण्यानं पेन बदललं, वायर बदलली, सेटिंग बदललं. मग त्यानं स्वतः एक रेघ ओढून पाहिली. केसासारखी सुरेख आली. तो घाईघाईनं खुर्चीवरून उठला, जणू काही चोरलं होतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका म्हणाले.

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, तुमचं अक्षरपण किती बारीक झालंय. वर्ष-दीड वर्ष सामानाच्या यादीत बघतेय. मला वाटलं, कागद वाचवताय."

डॉक्टरांनी त्यांना बोटं एकमेकांवर आपटायला लावली, एक वर्तुळ काढायला लावलं, आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"तीन वर्षं."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"नवा प्रोसेसर येणार होता," काका म्हणाले. डॉक्टरांना तो विनोद वाटला. ते हसले. मग त्यांनी सांगितलं, की हा कंपवात आहे, तो जाणारा नाही, पण गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या तर मधली वर्षं कामासाठी बरी गेली असती.

गोळ्यांनी सकाळचा तासभर हात जरा शांत राहतो. तेवढ्यात शर्टाची बटणं होतात, भुवई नाही. काकूंनी महिनाभर शेजारी बसून शिकून पाहिलं. काका सांगायचे, त्या काढायच्या. पहिलाच फोटो न्यायला आलेला माणूस बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे, पण हे आमचे वडील नाहीत." काकूंनी त्यानंतर पेन धरलं नाही.

मेहुणा दर रविवारी येतो आणि मान खाली घालून बसतो. "मीच थांबा म्हणत होतो भाऊजी."

"तू बरोबरच सांगत होतास," काका म्हणतात. "दर वेळी बरोबर." यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला हलकं वाटलं असतं.

खोली त्यांनी सोडली. तिथं आता कुरिअरवाल्याची खोकी असतात. काका कधीतरी दुपारी येऊन माझ्या स्टुलावर बसतात, हात मांडीखाली दाबून. परवा मी विचारलं, "घरी वेळ कसा जातो?"

"जात नाही," ते म्हणाले.

मी काच पुसत राहिलो. थोड्या वेळानं काकू त्यांना न्यायला आल्या.