गेममध्ये टाकलेलं नाव

आण्णांची नोकरी मी घालवली. घरात हे कुणी बोलत नाही, म्हणून मीच सांगते.

आण्णा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कंपनीतल्या परदेशी साहेबांची गाडी चालवायचे. गाडी ट्रॅव्हल्सवाल्याची, पगारही तोच द्यायचा, पण साहेबांच्या मॅडमना ड्रायव्हर हवा तो आण्णाच. एकदा गाडीतल्या मॅटखाली सापडलेलं हिऱ्याचं कानातलं त्यांनी मॅडमच्या हातात नेऊन दिलं होतं. तेव्हापासून त्यांचा शब्द म्हणजे शब्द. चऱ्होलीतल्या आमच्या आळीला ते कानातलं पाठ झालं होतं. आई तर गिरणीत दळण टाकायला गेली तरी तेच सांगायची.

नाताळात साहेब कुटुंबाला घेऊन मायदेशी गेले. त्यांना विमानतळावर सोडून आल्यावर गाडी धुताना मागच्या सीटच्या फटीत आण्णांना त्यांच्या मुलीचा व्हिडिओ गेम सापडला. हातात धरून खेळायचा, जांभळ्या रंगाचा. मुलगी माझ्याच वयाची, नऊ वर्षांची.

"त्ये येईस्तवर खेळ," आण्णा म्हणाले, "पर मोडूबिडू नगं. दुसऱ्याची वस्तू हाय."

गेम पोरींसाठीच काढलेला. तिकडच्या तीन नावाजलेल्या गायिका होत्या त्यात, सुरुवातीला त्यांचे खरे फोटो यायचे. त्या कोण, काय गातात, मला डोंबल माहीत! पण एक उंच उडी मारायची, दुसरी खोकी ढकलायची, तिसरी बारक्या फटीतून सरपटायची, आणि डोकं लढवून तिघींना एकमेकींसाठी वाट करून द्यायला लावली की स्टेजचं दार उघडायचं. वाटेत लिपस्टिक आणि चकचकीत बूट गोळा करायचे. पहिल्याच दिवशी गेमने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी मोठं बटण दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. मराठी शाळेतल्या चौथीच्या पोरीला काय कळणार? त्या गेममध्ये एकाच जणीचा खेळ साठवला जायचा. त्या मुलीचा पुसला गेला, आणि नाव विचारलं तिथे एकेक अक्षर जुळवून मी माझं टाकलं.

मग चालू करावा तर आधी माझं नाव यायचं, लखलखत. तोवर ते फक्त वहीवर आणि रेशनकार्डावर होतं. मी इरेलाच पेटले. जेवणाचं भान नाही, अभ्यासाचं तर नाहीच नाही.

साहेब परत यायच्या दिवशी एकच लेव्हल राहिली होती. मी भोकाड पसरलं. "दोनच दिवस, आण्णा! फक्त दोन!" आईने पाठीत धपाटा घातला, पण आण्णा विरघळले. विमानतळावरून येताना ती मुलगी मागच्या सीटवर त्याच गेमसाठी मुसमुसत होती. गाडीत कुठे दिसला का, असं मॅडमनी विचारलं. नाही दिसला, शोधतो, असं आण्णांनी सांगितलं. कानातलं परत देणारा माणूस, माझ्यासाठी खोटं बोलला.

दोन दिवसांत ती लेव्हल काही सुटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी हात पुढे केला. "समदं हाय तसं हाय ना गं?"

"हाय," मी म्हटलं.

आता खरं सांगते. नाव कसं पुसायचं ते मला तोवर कळलं होतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण नाही पुसलं. म्हटलं, बघू दे की तिला. इथली एक मुलगी इतकी पुढे गेली, कळू दे! तोरा केवढा माझा.

त्या दिवशी आण्णा दुपारीच घरी आले. मॅडम माझी नावानिशी चौकशी करायच्या, वाढदिवसाला चॉकलेटं पाठवायच्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी गेम चालू करून माझं नाव लखलखणारा पडदाच आण्णांसमोर धरला. म्हणाल्या म्हणे, गेमचं काही नाही, हिच्याकडे असे ढीगभर आहेत, प्रश्न विश्वासाचा आहे. ढीगभर होते, तर मग मुसमुसत कशाला होती ती? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आण्णांनी काय सांगावं तिथे? पोरीला यातलं काही माहीत नाही. पार्किंगमध्ये बसून मीच खेळत होतो, पोरीचं नाव मीच टाकलं. ट्रॅव्हल्सवाल्यालाही तेच सांगितलं. त्याने त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

हे मला कळलं ते आण्णांच्या एका ड्रायव्हर मित्राकडून. दारात बसून तो मांडीवर थापा मारत हसत होता. "काय राव, एवढा बाप्या माणूस तू, आन् पोरींचा गेम खेळतोस व्हय? लिपस्टिकी गोळा करत?" आण्णाही हसले. मी दाराआड उभी होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. पुढे आण्णा रिटायर होईपर्यंत कंपन्यांच्या स्टाफ बस चालवत राहिले, आणि बस लावली की कुणीतरी हाळी द्यायचंच, "भावा, कितवी लेव्हल?" आईने गिरणीत बोलणंच सोडलं.

परवा माझी मुलगी मोबाइलवर असलाच काहीतरी गुलाबी गेम खेळत होती. आण्णा शेजारी बसून बघत होते. एकदम मला म्हणाले, "तुजा त्यो गेम पुरा झाला व्हता का गं?"

सगळं सांगून टाकावं असं वाटलं. नाव मी मुद्दाम ठेवलं, हेसुद्धा. तोंड उघडलं आणि म्हटलं, "झाला होता, आण्णा."

"मंग बरं झालं."

तेवढ्यात गेमने नाव विचारलं. मुलीने पहिलं अक्षर दाबलं, तर आण्णांनी तिचा हात हळूच धरला.

"तुजं नगं," ते हसत म्हणाले, "आज्जाचं टाक. म्हंजी पुढं भानगड न्हाई."