प्रमाणपत्र जुळेना

मागच्या ऑगस्टात न्ये थूने आपल्या प्रोग्रॅममधली एक ओळ बंद केली, तीही दोनच तासांसाठी. त्याच संध्याकाळी लष्कराने जखमींना लपवलेलं नदीकाठचं घर फोडलं. तीन जखमींना खाटांवरच भोसकलं. चौथा न्ये थूचा मेहुणा. त्याला फरफटत नेलं. प्रेत मिळालं तेव्हा बोटांना नखं नव्हती.

न्ये थू मोन्यवा शहराच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. जखमींवर लपून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे निरोप त्याच्या प्रोग्रॅममधून जात. सरळ रस्ता बंद, म्हणून निरोप प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्फत जाई. पलीकडून ओळख पटवणारं प्रमाणपत्र येई. ते खरं निघालं तरच प्रोग्रॅम कुलूपबंद बोलणं सुरू करी. जोडणी सारखी तुटते म्हणून त्याने ती तपासणीच बंद केली होती. मध्ये लष्कर बसलं होतं. त्यांनी निरोपातला घराचा पत्ता वाचला.

परवा भर दुपारी पुन्हा तीच अडचण. डॉक्टर मा थांडार मागच्या दाराने आली, हात कोपरापर्यंत लाल. एका सुताराच्या पोटात गोळी होती. नदीपलीकडच्या गटाकडून ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. प्रमाणपत्र जुळेना.

"तपासणी काढून टाक," ती म्हणाली.

"नाही, सयामा." डॉक्टरबाईंना तो असंच म्हणे.

तिने त्याच्या कानफटात मारली. "तिकडे माणूस मरतोय आणि तू कागद बघत बसलायस?"

"कागद खोटाय. मेहुण्याला मी पुरलंय, तुम्ही नाही."

फोन तिच्या हातात कोंबून निरोप स्वतःच पोचवायला तो सायकलवर निघाला. नाक्यावर शिपायाने खिसे चाचपले, फोन कुठाय विचारलं. विकला, न्ये थू म्हणाला. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. दुसऱ्या दस्त्याने जबडा सरकला, मग बरगड्यांत बूट. शिपायांचं जेवण आलं तेव्हा त्यांनी त्याला गटारात लोटून दिलं.

नदीपलीकडे पोचला तर शब्द फुटेना. ओठाचं रक्त बोटावर घेऊन त्याने फळीवर रक्तगट लिहिला. रक्त देणाऱ्या दोघांना होडीत बसवून स्वतः वाट दाखवत आणलं.

सुतार जगला. दुसऱ्या दिवशी मा थांडारने न्ये थूचे दोन मोडके दात उपटले, जबडा फडक्याने आवळून बांधला. माफीबिफी मागितली नाही.

"दुसरी प्रॉक्सी शोध," ती म्हणाली. "तपासणी राहू दे."

न्ये थूने हात पुढे करून फोन मागितला.