ओमानला गेलेले कांदे

आता कोणत्या तोंडानं सांगू? भूगोलाच्या मास्तरानं भूगोलातच तोंडावर पडावं, आणि तेही भर वस्तीत!

त्या दिवशी आमच्या अड्याळात विशेष काही नव्हतं. शेतात धानाच्या रोवणीची चिखलणी चालू होती, शाळेला सुटी होती, मी ओसरीवर चहा पीत होतो. माझी बहीण शोभा धावतच आली.

"भाऊ, पल्लवीले दुबईत नोकरी लागली!"

पल्लवी म्हणजे तिची मुलगी, नर्स. माझी बायको सुनंदा गेली, त्याआधीचं तिचं सगळं दुखणं याच पोरीनं काढलं. तिचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून तर मी अक्कल पाजळायला बसलो.

"गाव कोणतं?"

"सलाला म्हणते."

"मग दुबई काहून म्हणतेस? तो ओमान आहे, ओमान! वेगळा देश, वेगळा सुलतान!"

समुद्रापलीकडच्या सगळ्या देशांना आमच्या गावात एकच नाव आहे, दुबई. किती हे अज्ञान! मी शाळेतला नकाशा आणून दाराला टांगला. हा येमेन, हे सौदी, हे अमिरात. आणि ओमानचा एक तुकडा असा तुटून वर पडलाय, मधे अमिरात.

"म्हणजे माही धानाची एक बांधी नाही का भावाच्या वावरापलीकडे, तसंच," शेजारचे देवरावकाका म्हणाले.

बरोबर तसंच होतं. तरी मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

मग जायच्या आदल्या दिवशी पल्लवीची बॅग तपासली. शोभानं रेनकोट, छत्री, स्वेटर भरलेलं! मला हसू आवरेना. "वाळवंटात छत्री? उंटाच्या डोक्यावर धरतेस का?" सगळं काढून टाकलं. त्या जागी पांढरे दुपट्टे, गॉगल, ओआरएसच्या पुड्या आणि चांगले पिशवीभर कांदे घातले. आमच्याकडे मे महिन्यात माणूस घराबाहेर पडतो तो खिशात कांदा ठेवून. ऊन लागत नाही.

"मामा, तिथं या दिवसांत पाऊस असते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"संगतच्या पोरी."

"भूगोल मी शिकवतो का त्या पोरी?"

पोर गप्प बसली. माझे विद्यार्थीही असेच गप्प बसतात. त्याचा मला कोण अभिमान!

ती पोहोचली आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. डोक्याला माझा दुपट्टा, अंग चिंब, शिंकांवर शिंका. मागे धुकं, हिरवे डोंगर, नारळाची झाडं, केळीचे घड टांगलेली दुकानं!

"मामा, पाऊस येऊन राहिला ना!"

"शक्य नाही! कुठं आहेस तू?"

"सलालाले. दवाखान्याच्या बसमधे बसली आहो."

तिच्या शेजारी दोन नर्सा मल्याळममध्ये बोलत होत्या. नारळ, केळी, पाऊस, मल्याळम! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"शोभा, पोरीले फसवलं! एजंटानं तिले केरळात उतरवलं!"

शोभानं हंबरडा फोडला. अंगण भरलं. फोन तसाच हातात धरून आम्ही सगळे नोकरी लावून देणाऱ्या गावातल्याच एजंटाच्या दारात. तो बिचारा व्हिसाची प्रत घेऊन आला. "खोटी!" मी गरजलो. पासपोर्टवर शिक्का पडला असेल म्हणाला. "शिक्के काय, कुठंही बनतात!" विमानाचं तिकीट दाखवलं. "विमानवालेही तुमच्यातलेच!"

शोभा फोनमध्ये ओरडली, "पोरी, आहे तशी वापस ये!"

"आई, आज हजर नाही झाली तर नोकरी जाईन माही!" पल्लवी रडायला लागली.

मी फोन हिसकावला. "ओमानात आहेस ना? मग उंट दाखव!"

"आता उंट कुठून आणू, मामा?"

"नाही ना? उतर बसमधून! पहिला पोलीस दिसन त्याले सांग!"

पोरगी खरंच उठली हो! हुंदके देत दारापर्यंत गेली. तेवढ्यात बस कचकन थांबली. तिनं फोन काचेकडे वळवला. रस्त्यावर आडवे उंट. भिजलेले, तोंडात ओला हिरवा चारा. त्यातल्या एकानं कॅमेऱ्यात अशा तुच्छतेनं पाहिलं, की आजवर कोणत्या तपासणी अधिकाऱ्यानंही माझ्याकडे तसं पाहिलं नसेल.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी," देवरावकाका हळूच म्हणाले, "केरळात उंट असते का?"

एजंटानं आत चहा सांगितला. तो चहा मी कसा प्यालो, ते मलाच माहीत.

घरी येऊन वाचलं. मोसमी वारे ओमानच्या त्या किनारपट्टीला घासून जातात, दोन-तीन महिने तिथं सगळं हिरवं असतं. तेच मोसमी वारे, जे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवतो. माझे बाण तिथवर कधी गेलेच नाहीत.

पल्लवी वेळेत हजर झाली. कांदे भाजीत घातले म्हणाली. सुटीच्या दिवशी पुन्हा कॉल केला, तर मागे नुसता करडा घोंगावणारा समुद्र.

"मामा, तुम्ही कधी पाहिला का समुद्र?"

खाडी, आखात, सामुद्रधुनी, सगळं शिकवलंय मी. "नाही," म्हणालो.

सुनंदाला पाहायचा होता. पुढच्या सुटीत जाऊ, असं मी दर सुटीत म्हणत आलो. नेलं नाही.