खुरपलेला चौकोन

चाकूरच्या स्टँडवर अप्पा एवढंच म्हणाले, "डोंगरावरची झाडं मोजायला बी माणूस लागतंय व्हय?" लागतंय म्हटलं आणि मी गाडीत चढले. स्थळं बघायच्या वयात पोरगी उत्तराखंडाला निघाली, म्हणून आई घुश्शात होती. मला मात्र, खोटं कशाला सांगू, लई आनंद झाला होता.

इथं ठरावीक उंचीनंतर झाडं संपतात, पुढं नुसतं गवत. ती हद्द आता हळूहळू वर सरकत चाललीय. पूर्वी थंडीनं मरायची ती भूर्जाची रोपं वरच्या गवतातही तग धरतात. दोरीनं आखलेल्या चौकोनांत ती दरवर्षी मोजायची, हे आमचं काम. मोजायची फक्त, बोट लावायचं नाही.

पहिल्याच हंगामात मी घोळ घातला. एका चौकोनात सात रोपं दिसली, बोटाएवढी, गवतात गुदमरलेली. सोयाबीनमध्ये खुरपं धरून वाढलेली मी, हात थांबतोय होय? टोकदार दगड घेतला, अख्खा चौकोन खुरपून काढला, रोपांच्या बुडाशी माती ओढली. कौतुकानं बघत बसले आणि मग मोजणीची वही आठवली. त्या चौकोनाच्या नोंदी मी यायच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, गवत काय परत वाढतंच. पण त्या वहीत खोटा आकडा लिहायला हात धजेना. नोकरी गेली असं धरूनच मी हे काम बघणाऱ्या आमच्या मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी तो चौकोन वहीतून खोडला आणि मला दुसरा दिला.

याला चार वर्षं झाली. मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, रोटी अंगवळणी पडली. फोनवर मध्येच हिंदी घुसते, आई वेडावून दाखवते. परवा अप्पांना हा घोळ पहिल्यांदाच सांगितला. हसतील वाटलं, तर त्यांनी रोपं जगली का विचारलं. पाच जगली म्हटलं, वीतभर झालीत. मोजणीत धरत नाहीत, पण मी जाऊन बघते.

अप्पा म्हणाले, "हातानं खुरपलंस न्हवं? मग ते रान तुझं हाय. आता दिवाळीला माहेरपणाला ये."

माझं लग्न झालेलं नाही. तरी चाकूर त्या दिवशी माझं माहेर झालं.